साधेपणाचा भार

गेल्या मार्चमध्ये आमच्या घरातील फ्रीजने कायमचा निरोप घेतला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने त्याची पाठ उघडून पाहिली आणि रोग्याच्या नातलगांसमोर वैद्याने हलवावी तशी मान हलवली. त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केले, "आता नवा घ्यायचा नाही. आपले आईवडील याच बेळगावात फ्रीजवाचून सुखाने जगले. मग आपलेच काय अडणार आहे?"

आणि खरोखरच फारसे अडले नाही. खानापूरच्या मातीचा माठ आणला. तिथल्या कुंभारकामाचा लौकिक आपल्या भागात जुना आहे. माठाची करामत अगदी साधी असते. त्याच्या अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेरच्या हवेत त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत माठ आपला पराक्रम दाखवतो आणि आषाढाच्या दमट हवेत मंदावतो. पण बेळगावच्या पावसात गार पाणी मागतो कोण?

दूध दोनदा तापू लागले, विरजण रोज लागू लागले, कोथिंबीर ओल्या फडक्यात विसावली. शेंगदाण्याची चटणी, सांडगे आणि लोणचे यांना फ्रीजची ओळख कधी नव्हतीच. डब्यांत विसरून गेलेले अन्न फेकण्याचे पाप थांबले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे सारे मोठ्या अभिमानाने सांगू लागलो.

पुण्याच्या डॉ. हेमा साने यांचे उदाहरण तर माझ्या जिभेवरच असे. गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या विदुषी बुधवार पेठेतील आपल्या जुन्या घरात विजेवाचून राहिल्या. दिव्याच्या मंद उजेडात त्यांनी ग्रंथ लिहिले. २०२५ साली त्या गेल्या, तेव्हा ऐन शहरात असे समाधानाने जगता येते याचे अनेकांना नवल वाटले.

एका रविवारी निपाणीहून मेहुणी आली. तिच्यापुढे मी हेच पुराण लावले. सौ. शांतपणे भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "फ्रीज सोडला यांनी, पण तो उचलला मी."

मेहुणी हसली नाही. ती म्हणाली, "दाजी, आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांना मजुरी मिळते हजारी विड्यांवर. पाट्यावर चटणी वाटण्यात अर्धा तास गेला, तर तेवढ्या विड्या कमी होतात. त्यांना पाटा-वरवंट्याचे कौतुक सांगून बघा एकदा."

त्या रात्री मी मनाशी हिशेब मांडला. गणपत गल्लीची रोजची भाजीची फेरी कोणाची? दुपारच्या उन्हात दूध नासू नये म्हणून झोपमोड कोणाची? पूर्वी सकाळचीच भाजी संध्याकाळी चालत असे; आता दोन वेळा चुलीपुढे उभे राहते कोण? माझ्या वाट्याला या साऱ्यातून आले होते ते माठातले गार पाणी आणि पाहुण्यांची वाहवा. ज्या आईच्या सुखाची मी ग्वाही देत होतो, तिला तिच्या सुखाविषयी आम्ही कधी विचारल्याचेही मला आठवेना.

हेमाताईंच्या साधेपणाचे मोल मला तेव्हा नव्याने कळले. त्यांनी वीज नाकारली आणि तिच्या अभावाची सारी किंमत स्वतः मोजली. आपला त्याग त्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला नाही. अभावात सुख असू शकते. परंतु ते ज्याने निवडले त्याचेच असते. जिच्यावर ते लादले गेले, तिच्या दृष्टीने ती केवळ एक गैरसोय असते, आणि तिला साधेपणा असे गोंडस नाव देणे हा आपला ढोंगीपणा ठरतो.

दुसऱ्या दिवसापासून बाजाराची पिशवी माझ्या हाती आली. दूध तापवणे, विरजण लावणे आणि माठ घासून भरणे हीही कामे माझ्याकडे आली. पहिल्या आठवड्यात दूध दोनदा उतू गेले. सौ.ने एका शब्दाने टोचले नाही, एवढा तिचा मोठेपणा.

आता पाऊस लागला आहे. नवा फ्रीज घ्यावा की न घ्यावा, हा निर्णय मी तिच्यावर सोपवला आहे. परवा तिने सांगितले, "दिवाळीपर्यंत पाहू. अजून तुमचे विरजण नीट लागत नाही."