विश्लेषण : युरोपच्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी अर्जांची झुंबड का?

पीएचडी झाली, पुढे काय? हा प्रश्न पडलेल्या अनेक भारतीय संशोधकांच्या कॅलेंडरवर सप्टेंबरचा दुसरा आठवडा ठळक केलेला असतो. युरोपियन युनियनच्या ‘मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी’ पोस्टडॉक्टरल फेलोशिपच्या अर्जाची मुदत तेव्हा संपते. २०२५ मध्ये १० सप्टेंबरला मुदत संपली तेव्हा १७,०५८ अर्ज आले होते. आदल्या वर्षी आले होते १०,३६०. म्हणजे एका वर्षात सुमारे ६५ टक्के वाढ.

पैसे मात्र वाढले नाहीत. २०२४ मध्ये ४१.७ कोटी युरोंतून १,६९६ जणांची निवड झाली, साधारण सहा जणांत एक. २०२५ साठी तरतूद होती सुमारे ४०.४ कोटी. याच हिशेबाने दहा जणांत जेमतेम एकाचा नंबर लागतो.

इतके अर्ज का आले?

एक कारण अमेरिकेत आहे. ट्रम्प प्रशासनाने २०२५ मध्ये तिथली अनेक संशोधन अनुदाने रद्द केली आणि विद्यापीठांनी नव्या नेमणुका आवरत्या घेतल्या. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपियन युनियनने परदेशी संशोधकांना आकर्षित करण्यासाठी ५० कोटी युरोंची घोषणा केली. दुसऱ्या कारणाबद्दल फारसं कुणी मोकळेपणाने बोलत नाही. एआयच्या मदतीने दहा पानांचा नीटनेटका प्रस्ताव लिहिणं आता पूर्वीइतकं कष्टाचं राहिलेलं नाही.

अर्ज नेमका कोण करतं?

इथेच बरेच जण फसतात. अर्ज एकट्याने करायचा नसतो. तो यजमान विद्यापीठासोबत करावा लागतो. आधी प्राध्यापक शोधायचा, त्याने होकार द्यायचा, मग दोघांनी मिळून प्रस्ताव घडवायचा. अनेक विद्यापीठं वसंत ऋतूतच इच्छुकांची निवड उरकतात. ऑगस्टमध्ये पहिला ईमेल पाठवणाऱ्याला उत्तर मिळालं तरी बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

गुणांत ५० टक्के वजन संशोधनाच्या दर्जाला, ३० टक्के परिणामाला आणि २० टक्के अंमलबजावणीला. त्यामुळे ‘पेपर भरपूर आहेत’ एवढ्यावर भागत नाही. हाच विषय, याच विद्यापीठात, याच माणसाकडे का, हे पटवून द्यावं लागतं. घाईत केलेला अर्ज महागातही पडतो : ७० टक्क्यांपेक्षा कमी गुण मिळाले, तर २०२५ च्या नियमांनुसार पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेसोबत पुन्हा अर्ज करता येत नाही.

वयाचं काय?

भारतीयांसाठी, विशेषतः महिलांसाठी, मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला एसईआरबीच्या काळापासून ३५ वर्षांची अट आहे. महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट मिळते. युरोपच्या योजनेत वय विचारतच नाहीत. पीएचडीनंतर संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नको, एवढंच. बाळंतपणासाठी किंवा संशोधनाबाहेरच्या नोकरीत गेलेली वर्षं त्यात धरली जात नाहीत. नोकरी सांभाळून उशिरा पीएचडी केलेल्या चाळिशीतल्या प्राध्यापिकेलाही हे दार उघडं आहे.

एक अट मात्र नक्की तपासा. मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिला असाल, तर त्या देशासाठी अर्ज चालत नाही. जर्मनीतच पीएचडी करून तिथेच थांबायचं ठरवलेल्यांचा अर्ज याच अटीवर अडतो.