नियम कडक हवा, पण त्याला शेवटही हवा



महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीला येते आणि तिच्या मागोमाग पौर्णिमा. याच पौर्णिमेच्या आसपास ज्यू लोकांचा वल्हांडणाचा सण असतो. २०२४ साली आपली जयंती २१ एप्रिलला झाली आणि त्यांचा सण २२ च्या संध्याकाळी सुरू झाला. २०२५ साली आपली १० एप्रिलला, त्यांचा १२ च्या संध्याकाळी. त्यांचं पंचांगही चांद्र महिन्यांचं आणि अधिक महिना धरणारं आहे, म्हणून हे जुळतं. अधिक महिना वेगळा पडला तर मात्र महिनाभराचं अंतर पडतं.

आपण जयंतीच्या तयारीत असतो तेव्हा त्या घरांतल्या बायका काय करत असतात? स्वयंपाकाचा ओटा घासत असतात, त्यावर उकळतं पाणी ओततात किंवा तो झाकून टाकतात. आज मला या झाकलेल्या ओट्याबद्दल लिहायचं आहे. धर्म त्यांचा वेगळा आणि आपला वेगळा, पण स्वयंपाकघरात धर्म सांभाळण्याचं काम दोन्हीकडे बायकांच्याच वाट्याला आलं आहे. म्हणून त्यांच्याकडे पाहून आपल्याबद्दल काही कळतं.

आपल्या महाराष्ट्राला हे लोक परके नाहीत. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आज त्यांच्यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले आहेत, तरी ठाणे, मुंबई, पुणे, अलिबाग इथे काही घरं अजून आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यात या सणाच्या जुन्या मराठी नावाची नोंद आहे. त्या नावाचा अर्थ होता, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवण्याचा सण. म्हणजे कोकणातल्या त्या बायका ग्रॅनाइटचे ओटे येण्याच्या कितीतरी आधी झाकतच होत्या.

आता मूळ नियम. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटताना त्यांच्या पूर्वजांना पीठ फुगेपर्यंत थांबायला वेळ मिळाला नाही, अशी कथा आहे. त्याची आठवण म्हणून सणाचे सात दिवस, आणि इस्राएलच्या बाहेर आठ दिवस, घरात खमीर ठेवायचं नाही. गहू, जव आणि तशाच आणखी तीन धान्यांचं पीठ पाण्यात भिजवून १८ मिनिटं नुसतं पडून राहिलं तर ते खमीर झालं असं धरतात. म्हणून सणाची बेखमीर भाकरी त्याच्या आत भट्टीत गेली पाहिजे. आपल्याला यात नवल वाटायला नको. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची, पिठाची पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कारण मात्र वेगळं आहे. आपल्याकडे प्रश्न जीवांच्या उत्पत्तीचा आणि हिंसेचा आहे, त्यांच्याकडे आज्ञेचा आणि आठवणीचा. हा फरक पुसून ‘सगळे धर्म एकच’ म्हणायची मला गरज वाटत नाही.

खमीर घराबाहेर काढलं तरी ओटा उरतोच. वर्षभर त्यावर गरम पाव ठेवला, शेवयांचं पातेलं उतू गेलं, तव्यावरून काढलेली पोळी टाकली. त्यांच्या शास्त्राचं म्हणणं असं की उष्णतेमुळे अन्नाचा अंश पृष्ठभागात मुरतो, आणि ज्या रीतीने तो आत गेला त्याच रीतीने बाहेर निघतो. कोरडा गार पाव नुसता टेकला असेल तर धुणं पुरे. गरम सांडलं असेल तर गरमच उपाय हवा.

म्हणून ओटा कशाचा आहे हे सगळ्यात आधी विचारायचं.

स्टीलचा असेल तर सोपं. कोपरे, सांधे, सिंकची जाळी सगळं घासून घ्यायचं. मग २४ तास त्यावर गरम काही ठेवायचं नाही, कारण तेवढ्या वेळात मुरलेली चव बिघडते असं ते मानतात. नंतर ओटा कोरडा करून किटलीतलं उकळतं पाणी थेट त्यावर ओतायचं. पाणी वाहत जाऊन पुढे पोहोचलं तर चालत नाही, प्रत्येक जागेवर धार पडली पाहिजे.

ग्रॅनाइट किंवा संगमरवरासारखा अखंड नैसर्गिक दगड, भेगा नसलेला, असाच शुद्ध करता येतो असं बरेच धर्मगुरू सांगतात. तरी पुष्कळ घरं वर आवरणही घालतात. भुकटी आणि राळ मिसळून कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्‌झबद्दल मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या गुरूला विचारायचं.

चिनी मातीच्या टाइल्स असतील तर प्रश्नच मिटला. मातीच्या भांड्यात मुरलेलं निघत नाही, ते फोडायचं, असं त्यांच्या लेवीय ग्रंथात आहे. ओटा काही फोडता येत नाही, म्हणून झाकायचा. लॅमिनेटचा ओटाही बहुधा झाकतातच, कारण उकळत्या पाण्याने त्याचा चिकटवलेला थर सुटायचा. काचेच्या बाबतीत तर दोन परंपरा सरळ दोन बाजूंना आहेत. योसेफ कारो यांच्या १५६५ साली व्हेनिसला छापलेल्या धर्मसंहितेप्रमाणे चालणारे सेफार्दी लोक काच धुतली की झालं म्हणतात, युरोपातले अश्केनाझी मात्र तिला मातीच्या भांड्यासारखं धरतात.

झाकण्यालाही रीत आहे. आधी ओटा स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा. पाणी आत न झिरपणारं काहीतरी घालायचं, जसं जाड ॲल्युमिनियम फॉइल, नालीदार प्लास्टिकचे पत्रे किंवा मापाने कापलेलं लिनोलियम. नुसती पातळ फॉइल पातेलं सरकलं की फाटते, म्हणून खाली पुठ्ठा घालतात. सिंक चिनी मातीचं असेल तर आत वेगळा टब किंवा जाळी ठेवतात. आठवडाभर ते स्वयंपाकघर चांदीच्या वर्खात गुंडाळल्यासारखं दिसतं. माझी कॉलेजातली एक बेने इस्राएल मैत्रीण आता अश्दोदला असते. तिने पाठवलेल्या फोटोत टाइल्सची भिंतसुद्धा शेगडीमागे झाकलेली होती. सोबत एक ओळ लिहिली होती, “आईच्या वेळी चूल सारवली आणि भांड्यांना कल्हई केली की काम संपायचं, आता फॉइलचे सहा रोल लागतात.”

यावर कुणी म्हणेल, झाकणं म्हणजे पळवाट झाली. घाण खाली तशीच, वर चकचकीत कागद. मला हे पटत नाही. घाण तर आधीच घासून काढलेली असते. झाकणारी बाई एवढंच कबूल करते की या ओट्यावर वर्षभर जे झालं ते मला उलटं फिरवता येणार नाही, पण आजच्या अन्नाचा त्याच्याशी संबंध येऊ न देणं माझ्या हातात आहे. हा प्रामाणिकपणा आहे. ओटा शुद्ध झाल्याचा दावा ती करतच नाही.

आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. सणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घरभर खमीर शोधतात. आता शंका घ्यायची तर कितीही घेता येते. एखादा मुंगसासारखा प्राणी तपासलेल्या खोलीत पुन्हा पावाचा तुकडा घेऊन आला तर? सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या मिश्ना या ग्रंथात अगदी हाच प्रश्न आहे. उत्तर असं की ही काळजी करायची नाही. ती करायची तर मग एका घरातून दुसऱ्या घरात, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात आणि एका गावातून दुसऱ्या गावात आणलं असेल अशी काळजी करावी लागेल, आणि त्याला अंत राहणार नाही. नियम करणाऱ्यांनीच नियमाला कुंपण घातलं!

एवढ्यावर थांबत नाहीत. शोध झाल्यावर घराचा मालक जाहीर करतो की माझ्या घरात मला न दिसलेलं काही खमीर राहिलं असेल तर ते आता धुळीसमान आहे, माझ्या मालकीचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलेलं जाळून पुन्हा तसंच म्हणतात. मी कॉमर्सची पदवीधर, मला लगेच मार्चअखेर आठवली. वसुली करायची तेवढी कसून करायची, पण जे येणारच नाही ते बुडीत खात्यात टाकून वही बंद करायची. ज्या वहीला ३१ मार्च नाही ती वही कधीच जुळत नाही.

आता आपल्याकडे वळते. गावात महाराज आले की चौका लावण्याची धावपळ आपण सगळ्यांनी केली आहे. ताजं दळलेलं पीठ, गाळलेलं पाणी, सोळ्याचे कपडे. महाराज दिवसातून एकदाच उभ्याने, हातावर आहार घेतात आणि केस किंवा मेलेला जीव निघाला तर अंतराय होतो, ते तिथेच थांबतात. म्हणून भीती वाटते, आणि ती खरी आहे. पण जुन्या वाड्यात सोळ्याची चूल वेगळी असायची. आता टू बीएचकेमध्ये एकच ओटा. त्यावर काल नातवासाठी बाहेरची पावभाजी उघडलेली असते.

माझ्या नात्यातल्या एका सुनेने असाच चौका लावला होता. आदल्या दिवशी तिने ओटा तीन वेळा धुतला, नवे पाट मांडले, भांडी वेगळी काढली. सकाळी जमलेल्या थोरल्या बायकांनी विचारायला सुरुवात केली. सांध्यात पांढरा सिमेंट आहे, त्यात काही राहिलं नसेल ना? मागच्या खिडकीतून शेजारच्यांच्या फोडणीचा वास येतो, चालेल का? तो डबा पूर्वी कशाचा होता? प्रत्येक शंका एकेकटी घेतली तर चूक नव्हती, पण त्यांना अंत नव्हता. आहार निर्विघ्न झाला. पुढच्या वर्षी मात्र ती म्हणाली, “काकू, चौका तुमच्याकडेच लावू या. माझ्याच्याने हे होणार नाही.” त्यानंतर तिच्या घरी चौका लागलेला नाही.

मैत्रिणींनो, आपण म्हणतो नव्या मुलींना धर्माची आवड नाही. मला वाटतं त्यांना कष्टांचं भय नाही. पहाटे चारला उठून ऑफिसची तयारी करणाऱ्या मुली आहेत या. त्यांना भय आहे ते कधीच पुरं न होणाऱ्या कामाचं. कितीही केलं तरी कमीच, हे एकदा मनात बसलं की माणूस थोडंही करेनासा होतो. आणि ज्या आपण त्यांना घालवतो, त्यांच्या मुली तर चौका म्हणजे काय हेही विसरतील.

याचा अर्थ नियम सैल करा असा नाही. वल्हांडणाचा नियम काही सैल नाही, पावाच्या चुऱ्यासाठी कपाटाचे कप्पे उपसणाऱ्या बायका आहेत त्या. सांगायचं एवढंच की नियम सांगतानाच तो कुठे पुरा होतो हेही सांगितलं पाहिजे. आपल्या शास्त्रात ते आहेच. पिठाला दिवस, पाण्याला मिनिटं ठरलेली आहेत. त्या शब्दालाच आपण मर्यादा म्हणतो. ओट्याच्या आणि शंकांच्या बाबतीत मात्र आपण ती विसरलो.

एक सावधगिरी. त्यांचं सगळंच उचलायचं नाही. उकळतं पाणी ओट्यावर ओतून मोरीत सोडणं आपल्याला चालणार नाही, मोरीतल्या जीवांचा घात होतो. आपण तर भाताचं गरम पाणीसुद्धा निववून ओततो. तेव्हा आपल्याला झाकण्याची वाट जवळची आहे. ओटा पुसून, कोरडा करून, चौक्यापुरतं वेगळं आवरण किंवा स्टीलचा पत्रा मापाने करून घ्यावा आणि फक्त त्यासाठीच गुंडाळून ठेवावा. तुमच्या संघातल्या महाराजांना किंवा माताजींना विचारून काय काय करायचं ते एका कागदावर लिहून घ्यावं. पाच-सात ओळी पुरतात. ते केलं की काम संपलं. कागदाबाहेरची शंका कुणी काढली तर ती पुढच्या वर्षी विचारायच्या यादीत घालावी, सुनेच्या तोंडावर काढू नये.

आणि आपण थोरल्यांनी चौक्याच्या सकाळी ओटा तपासायच्या आधी त्या मुलीला ‘छान तयारी केलीस’ म्हणावं. त्याला कुठल्याच शास्त्राची मनाई नाही.

तुमच्याकडे एकाच ओट्यावर हे सगळं कसं जमवता, जरूर कळवा.