घरगुती यंत्रपरिचय : ट्रेलरच्या धुरीखालचा जॅक — विजेचा कीं हाताचा ?

‘यंत्र’ हा शब्द संस्कृतांतील ‘यम्’ ह्या धातूपासून आला आहे. आणि त्या धातूचा अर्थ आवरणें, ताब्यांत ठेवणें असा आहे. चालतें तें यंत्र, अशी आपली सामान्य समजूत. परंतु शब्दाचें मूळ पाहतां, जें आवरून धरतें तें यंत्र. ह्या महिन्यांत ज्या साधनाचा परिचय करून द्यावयाचा, तें ह्या मूळ अर्थानें खरोखरीचें यंत्र आहे. तें अमेरिकेंतलें आहे व आपल्या अंगणांत दिसावयाचें नाहीं. तथापि ज्यांचे मुलगे, सुना, लेकी, जांवई तिकडे स्थायिक झाले आहेत, आणि उन्हाळ्यांत ज्यांच्याकडे येथील वडील मंडळी चार महिने राहावयास जातात, अशीं घरें आपल्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत. त्यांपैकीं कित्येक कुटुंबें सुटी लागली कीं मोटारीमागें चाकांवरचें घर जोडून अरण्यें व सरोवरें पाहावयास निघतात. त्या घराच्या धुरीखालचा जॅक विजेचा असावा कीं हाताचा, हा आजचा प्रश्न.

ह्या चाकांवरच्या घरास तिकडे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्यांत निजावयाच्या जागा, लहानसें स्वयंपाकघर, मोरी असें सर्व कांहीं असतें. एंजिन मात्र नसतें. पुढील बाजूस दोन लोखंडी तुळया एकत्र येऊन त्रिकोणी धुरी होते आणि तिच्या टोंकाची पकड मोटारीमागील पोलादी गोळ्यावर बसते. मुक्कामावर मोटार सोडविली, कीं ही धुरी कोणीतरी उचलून धरली पाहिजे. आपल्याकडे बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखालीं टेकू देतात, तेंच हें काम. भेद इतकाच, कीं हा टेकू हवा तसा उंच-ठेंगणा करतां येतो.

धुरीवरील भार ट्रेलरच्या एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका असावा, असा तिकडील सर्वमान्य नियम आहे. म्हणजे ५००० पौंडांच्या ट्रेलरची धुरी ५०० ते ७५० पौंड भरते. उचलण्याचे श्रम वांचावे म्हणून कोणी सामान मागें सारून हा भार हलका करील, तर त्यानें संकट ओढवून घेतलें म्हणून समजावें. मागें जड भरलेली बैलगाडी उलाळ होते. मागें जड भरलेला ट्रेलर भर वेगांत शेंपटासारखा डावा-उजवा हेलकावे घेऊं लागतो, व मोटारीसहि आपल्याबरोबर फरफटवितो. तेव्हां भार आहे तसाच राहावयाचा. तो उचलावा कसा, एवढाच प्रश्न उरतो.

हाताच्या जॅकची रचना सोपी आहे. एका नळींत दुसरी नळी, आंत मळसूत्राचा उभा दांडा, आणि तो फिरविण्यासाठीं माथ्यावर किंवा बाजूस मूठ. समजा, मुठीची त्रिज्या ६ इंच आहे आणि एका फेऱ्यांत नळी एक दशांश इंच सरकते. हाताचा प्रवास सुमारें ३८ इंच, भाराचा दशांश इंच. म्हणजे गणितानें जोर ३८० पट वाढला. प्रत्यक्षांत ह्यांतील बराच वांटा घर्षण गिळून टाकतें. परंतु ह्या घर्षणास नांवें ठेवण्यापूर्वीं विचार करावा. मूठ सोडून दिली तरी धुरी खालीं येत नाहीं, ती ह्या घर्षणामुळेंच! आट्यांचा उतार इतका अल्प ठेवलेला असतो, कीं भारास त्यावरून घसरतां येत नाहीं. आरंभीं सांगितलेला ‘यम्’ धातु येथें लोखंडांत उतरलेला दिसतो. ह्या सोयीचें मोल मात्र फेऱ्यांनीं द्यावें लागतें. वरील हिशेबानें धुरी एक फूट उचलावयास १२० फेरे होतात.

विजेच्या जॅकमध्यें मळसूत्र तेंच. हाताच्या जागीं १२ व्होल्टची मोटार येते. कळ दाबली कीं धुरी वर, दुसऱ्या बाजूस दाबली कीं खालीं. पुष्कळांस भीति वाटते, कीं ह्यानें ट्रेलरची बॅटरी रिकामी होईल. ही भीति गणितापुढें टिकत नाहीं. ६०० पौंड भार एक फूट उचलावयास लागणारी शक्ति पाव वॅट-तासाहूनहि कमी भरते. घर्षणासाठीं ती पांचपट धरली, तरी सव्वा वॅट-तासाच्या आंत-बाहेर. उलट १०० अँपिअर-तासांच्या बॅटरींत सुमारें १२०० वॅट-तास सांठविलेले असतात; म्हणजे खर्च हजारांत एक. खरें दुखणें निराळेंच आहे. शक्ति थोडी लागली तरी प्रवाह एकदम मोठा लागतो. म्हणूनच तारेंत बहुधा ३० अँपिअरचा फ्यूज घालतात. जोडावर गंज चढला, किंवा प्रवाहाच्या परतीची वाट ज्या लोखंडांतून आहे तेथें रंगाचा थर राहिला, कीं जॅक कण्हत-कुथत चालतो. अशा वेळीं नवा जॅक विकत आणण्यापूर्वीं जोड घासून पाहावे.

आतां निवड. हाताचे जॅक बहुधा २००० पौंडांचे, तर विजेचे ३५०० पौंडांचे मिळतात. केवळ धुरीच उचलावयाची असेल, तर पहिलाहि पुरे. परंतु जड ट्रेलरास भार वांटून देणाऱ्या पोलादी दांड्या जोडतात; त्या बसवितांना धुरीबरोबर मोटारीची मागील बाजूहि उचलावी लागते, आणि तेथें अधिक शक्तीचा जॅक हवा.

ह्याहून महत्त्वाचा विचार असा, कीं मूठ फिरविणार कोण ? दुकानांत जाऊन निवड करणारा बहुधा घरांतील धट्टाकट्टा पुरुष असतो. परंतु एखादे वेळीं तोच आजारी पडावा, किंवा सूनबाईस मुलांना घेऊन एकटीनें जावें लागावें, तर पावसांत दीडशें फेरे तिला फिरवितां येतील काय ? ट्रेलर लहान, प्रवास वर्षांतून एक-दोन, तर हाताचा जॅक स्वस्त, निरुपद्रवी व पुरेसा आहे. ट्रेलर जड, मुक्काम रोजचा, किंवा कोणाच्या खांद्यांत वा कमरेंत दुखणें असेल, तर विजेचा घेण्यांत ऐषआराम नाहीं, शहाणपण आहे. अट एकच : वीज नसतांना हातानें फिरविण्याची सोय त्यांत असलीच पाहिजे. बहुतेकांच्या माथ्यावर रबरी बूच असतें व त्याखालीं दांडी बसविण्याची जागा. ती दांडी ट्रेलरांत ठेवावी, आणि घरांतील प्रत्येक प्रौढ माणसानें एकदां दारांतच ती फिरवून पाहावी. अंधाऱ्या रानांत तिचा पहिला पाठ घेऊं नये.

निगा फार नाहीं, पण नियमित हवी. वर्षांतून एकदां दांतेरी चाकांस व मळसूत्रास ताजें वंगण द्यावें. बाहेर दिसणाऱ्या नळीस मात्र दाट वंगण चोपडूं नये, त्यावर धूळ चिकटते. ती पुसून सिलिकोनचा पातळ फवारा द्यावा. हिंवाळ्यांत तिकडील रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, त्यानें लोखंड लवकर गंजतें. अशा प्रवासानंतर नळी गोड्या पाण्यानें धुवावी. जॅक धुरीस धरून ठेवणारे बोल्ट घट्ट आहेत ना, हें पाहावें. विजेच्या जॅकच्या माथ्यावर पावसासाठीं आच्छादन घालावें, एक-दोन फ्यूज जवळ बाळगावे, आणि नळी शेवटास पोंचल्यावर कळ दाबून धरूं नये.

एवढें झाल्यावर मुख्य गोष्ट सांगतों. जॅक भार धरतो; ट्रेलरास जागेवर धरीत नाहीं. तें काम चाकांच्या पुढें-मागें लावलेल्या पाचरींचें. पाचरी न लावतां उतारावर मोटार सोडविली, तर ट्रेलर सरकतो, जॅकचा पाय कलंडतो आणि शेंकडों पौंडांची धुरी एका क्षणांत खालीं येते. तिच्याखालीं पाय कोणाचा सांपडेल ? बहुधा कौतुकानें जवळ उभ्या असलेल्या नातवाचा किंवा आजोबांचा. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम पाचरी, मग जॅकच्या पायाखालीं रुंद लाकडी ठोकळा, मग पकड मोकळी करून धुरी वर, सांखळ्या सर्वांच्या शेवटीं. जॅकच्या भरंवशावर ट्रेलरखालीं शिरूं नये, कीं चाक बदलूं नये. आणि निघतांना जॅकचा पाय पूर्ण वर घेतल्याची खात्री करावी. लोंबता पाय रस्त्यास अडखळला तर जॅक व धुरी दोहोंचा नाश होतो.

तिकडे गेलेल्या वडील मंडळींनीं मूठ फिरविण्याचा आग्रह धरूं नये. नातवंडांस हातांशीं धरून चार पावलें दूर उभें राहावें, आणि मुलानें पकडीस हात घालण्यापूर्वीं ‘पाचरी लावल्यास ना रे ?’ एवढेंच विचारावें. जॅक विजेचा असो वा हाताचा, हा प्रश्न विचारणारें माणूस जवळ असणें अधिक मोलाचें.