विज्ञानाची सावड

बेळगावचा कुंदा, गोकाकच्या करदंटातला डिंक, विरजणाचे दही, दाढीच्या साबणाचा फेस, सायकलची ट्यूब आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साच्यासाठी मळलेली वाळू. या सहा वस्तूंमध्ये समान काय, असा प्रश्न मी दरवर्षी नव्या वर्गाला विचारते. पहिल्या तीन नावांपर्यंत "खायच्या वस्तू" असे उत्तर जोरात येते. साबणापाशी आवाज बसतो आणि ट्यूब आली की वर्ग गप्प होतो.

उत्तर साधे आहे. यांतली एकही वस्तू दगडासारखी घट्ट नाही आणि पाण्यासारखी पातळही नाही. घट्ट लागलेले दही भांडे थोडे कलते केले तरी ओघळत नाही, पण चमचा मात्र लोण्यासारखा आत जातो. फेसात हवा आणि पाणी यांखेरीज फारसे काही नसते, तरी तो गालावर उभा राहतो. साच्याची वाळू हाताने दाबली की आकार घेते, कारण तिच्या कणांभोवती ओल्या बेंटोनाइट मातीचा लेप असतो आणि त्या मातीचा एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतका पातळ असतो. अशा पदार्थांना शास्त्रज्ञ मृदू द्रव्य म्हणतात. आपले रक्त, त्वचा, डोळ्यातले भिंग हेही त्याच कुळातले. म्हणजे हा विषय स्वयंपाकघरात आहे, कारखान्यात आहे आणि आपल्या अंगातही आहे.

या विषयाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती पिएर-जिल द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १९९१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले आणि त्या प्रसंगीच्या व्याख्यानाचे शीर्षकच त्यांनी 'मृदू द्रव्य' असे ठेवले. त्यात त्यांनी रबराची गोष्ट सांगितली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आदिवासी रबराच्या झाडाचा चीक पायांना फासत. थोड्या वेळात तो घट्ट होई आणि पायाच्या अचूक मापाचा बूट तयार होई. पण हा बूट फार टिकत नसे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने चिकाला गंधकाची जोड दिली आणि आजचे टिकाऊ रबर जन्माला आले. गंमत अशी, की दर २०० कार्बन अणूंमागे जेमतेम एकाला गंधक चिकटतो. एवढ्याशा बदलाने वाहणारा चीक गाडीचे टायर होतो. थोडक्या कारणाने मोठा परिणाम, ही मृदू द्रव्याची खूण. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध लावणाऱ्या आपल्या घरातल्या बाईला हे तत्त्व नवे नाही. तिला त्याचे नाव तेवढे कोणी सांगितले नव्हते.

द जेन यांचे आणखी एक मोठेपण सांगायला हवे. नोबेल मिळाल्यावर ते फ्रान्समधल्या सुमारे २०० शाळांत गेले आणि मुलांशी डिंक, शाई, साबणाचे फुगे यांवर बोलले. २००७ मध्ये ते वारले. विज्ञान हे मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीतच असते, हा समज त्यांनी आपल्या परीने खोडून काढला.

परंतु वाचकहो, अडचण इथेच सुरू होते. दही घरात लागते, पण ते आतून पाहायचे तर घर पुरत नाही. साबणाच्या पाण्यात साबणाचे पन्नास-साठ रेणू एकत्र येऊन एक बारीक गोळी बनवतात आणि तेलकट मळ तिच्या पोटात शिरतो. ही गोळी चार-पाच नॅनोमीटरची, तर दिसणाऱ्या प्रकाशाची लहरलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. म्हणजे पोत्याच्या दाभणाने मोती ओवण्यातला प्रकार. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ती दिसू शकते, पण त्यात निर्वात जागा असते, म्हणून नमुना आधी वाळवावा किंवा गोठवावा लागतो. वाळवलेले दही हे दही उरत नाही.

यावर उपाय म्हणजे न्यूट्रॉन. त्याला विद्युतभार नसतो, म्हणून तो नमुन्याला फारसा धक्का न लावता आरपार जातो आणि जाताना किंचित वळतो. किती न्यूट्रॉन किती अंशांनी वळले याची मोजदाद केली, की आतल्या कणांचा आकार आणि मांडणी गणिताने काढता येते. शिवाय त्याच्याकडे एक सुंदर युक्ती आहे. साधा हायड्रोजन आणि जड पाण्यातला जड हायड्रोजन यांच्यावरून तो अगदी वेगवेगळ्या रीतीने विखुरतो. काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते, हा शाळेतला प्रयोग आठवा. तसेच साधे आणि जड पाणी योग्य प्रमाणात मिसळले, तर मिश्रणातला हवा तो घटक न्यूट्रॉनपुरता अदृश्य करता येतो. प्रथिनांसाठी हे प्रमाण साधारण ४० टक्के जड पाण्याच्या आसपास येते. प्रथिने 'पुसून' टाकली की उरलेली स्निग्धाची मांडणी स्पष्ट दिसते.

आता न्यूट्रॉनचा असा झोत काही बाजारात मिळत नाही. त्याला अणुभट्टीसारखे मोठे यंत्र लागते. आपल्या देशात हे काम प्रामुख्याने तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीवर होते. १९८५ मध्ये सुरू झालेली ही १०० मेगावॉटची भट्टी. क्ष-किरणांनी असाच अभ्यास करायचा, तर इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' हे सिंक्रोट्रॉन यंत्र आहे. त्याच्या १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना प्रखर क्ष-किरण सोडतात. अशी यंत्रे प्रत्येक विद्यापीठाला देणे कुठल्याच सरकारला परवडणार नाही.

मग करायचे काय? आपल्या शेतकऱ्यांनी याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. एकट्याचे बैल, एकट्याची माणसे पुरत नाहीत, तेव्हा सावड करायची. विहीर एकट्याला खणता येत नसेल, तर सामायिक खणायची आणि पाण्याचे वार ठरवून घ्यायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० च्या दशकात हाच विचार विज्ञानात आणला. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली पुण्याची 'आयुका' १९८८ मधली. पुढे आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून इंदूरला एक संस्था स्थापली. आज ती 'यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम' म्हणून ओळखली जाते. देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात तिचे मुख्य केंद्र आहे. मुंबई, कोलकाता आणि कल्पाक्कम इथेही तिची केंद्रे आहेत. अणुऊर्जा विभागाची मोठी यंत्रे विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या हाती पडावीत, एवढ्यासाठीच ही संस्था.

युरोपात हीच सावड अनेक देशांची आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल गावात फ्रान्स आणि जर्मनी यांनी १९६७ मध्ये न्यूट्रॉन संशोधनाची संस्था काढली. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम २२ वर्षे झाली होती, हे लक्षात घ्यावे. १९७३ मध्ये ब्रिटन त्यात सामील झाले. पुढे मृदू द्रव्यासाठी तिथे खास सोय झाली. नमुना प्रवासात बिघडतो, म्हणून तो यंत्राशेजारीच तयार करता यावा, अशी प्रयोगशाळा उभी राहिली. २०१७ ते २०२१ या काळात जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राच्या पुढाकाराने 'युस्मी' हा प्रकल्प चालला. त्यात अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी नमुने बनवण्यापासून न्यूट्रॉन, सूक्ष्मदर्शक आणि महासंगणकापर्यंत आपापली साधने इतरांना खुली केली.

या सावडीचा नियम जगभर जवळपास एकच. दोन-तीन पानांत लिहायचे: प्रश्न काय, तो याच यंत्राने का सुटेल, किती दिवस लागतील. जाणकारांची समिती ते वाचते. मागणी नेहमीच उपलब्ध दिवसांपेक्षा जास्त असते, म्हणून चांगले अर्जही कधी परत येतात. तुर्भ्याला प्रवेशपरवान्यासाठी आधी तजवीज करावी लागते. मिळतात ते मोजके दिवस, आणि त्यांत रात्री जागवाव्या लागतात. मोबदला एकच: जे हाती लागले ते प्रसिद्ध करायचे, लपवायचे नाही. अर्जात तुमचा जिल्हा कोणत्या राज्यात असावा, असा प्रश्न नसतो. प्रश्न चांगला आहे का, एवढेच पाहतात.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आपल्या घरांत आहे. खानापूर, चंदगड, निपाणीकडून येणाऱ्या हुशार मुली एम.एस्सी.ला पहिल्या येतात आणि तिथेच थांबतात. पाच वर्षे मुंबईला ठेवायला घरचे तयार नसतात, आणि गावच्या कॉलेजात यंत्र नाही म्हणून मार्गदर्शकही हात वर करतात. पण नमुना कॉलेजातच तयार करून, रात्रीची बस धरून, बाईंबरोबर चार दिवस मुंबईला जाऊन येणे यात न जमण्यासारखे काय आहे? आपल्या भागातल्या दुधावर, डिंकावर, साच्याच्या मातीवर काम करायला आपल्याइतके जवळचे कोण?

अर्थात सावड म्हटली की आपलाही वाटा आला. एका महाविद्यालयात लाखोंचे उपकरण प्लॅस्टिकच्या आवरणाखाली वर्षानुवर्षे झाकलेले मी पाहिले आहे. किल्ली एकाकडे, माहितीपुस्तिका दुसऱ्याकडे, आणि शेजारच्या कॉलेजने मागितले तर "बिघडेल" हे उत्तर. न वापरल्यानेही यंत्र बिघडते, हे कोणी बोलत नाही. तुर्भ्याची अणुभट्टी जर बाहेरच्या विद्यार्थ्याला मिळू शकते, तर चार मैलांवरच्या कॉलेजला आपला सूक्ष्मदर्शक द्यायला हरकत नसावी. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आपापल्या उपकरणांची एक यादी करून वार ठरवून घेतले, तरी पुष्कळ होईल. त्याला अनुदान लागत नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे, की मुलीने विज्ञानातला एखादा प्रश्न धरला असेल, तर "आपल्याकडे सोय कुठे आहे?" म्हणून तो सोडायला लावू नका. सोय आहे. सामायिक आहे, म्हणून आपलीही आहे. मात्र विहिरीचे पाणी आपण होऊन घरी येत नाही. दोर आणि कळशी घेऊन आपल्यालाच जावे लागते.