नवं गाणं सांगायचं कोणी?

‘गाणं सुचवायला आता माणूस लागत नाही,’ हे गेल्या वर्षभरात मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. परवा आमच्या संगीत मंडळाच्या बैठकीत एका जाणत्या सभासदांनीच ते म्हटलं, तेव्हा मात्र गप्प बसवेना. ठराव साधा होता. महिनाभरात निघालेल्या नव्या ध्वनिमुद्रणांपैकी ऐकण्याजोगी कोणती, हे सभासदांनीच एकमेकांना कळवावं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की फोनमधल्या ॲपला आपली आवड आपल्यापेक्षा नीट कळते. आपण काय ऐकलं, किती वेळ ऐकलं, कुठे सोडून दिलं, सगळी नोंद त्याच्याकडे असते. माणसाच्या शिफारशीत ओळख येते, भीड येते, घराण्याचा अभिमान येतो. मग हा उद्योग आपण का करावा? ठराव बारगळला.

पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडनाला हात घालू नये, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. म्हणून आधी कबूल करते, की त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मालीमधल्या कोरा या एकवीस तारांच्या वाद्याची गोडी मला ॲपनेच लावली. माझ्या ओळखीत ते नाव घेणारं कुणी नव्हतं. शिफारशीत भीड असते हेही खरं. शिष्याची पहिली सीडी गुरुबंधूंनी वाखाणायची, हा रिवाज मी जवळून पाहिला आहे. पण यंत्र सुचवतं म्हणजे नेमकं काय करतं, हे पाहिलं की हा सगळा युक्तिवाद उलटतो.

या यंत्रणांची भिस्त मुख्यतः एका गोष्टीवर असते: ज्यांनी हे ऐकलं, त्यांनी आणखी काय ऐकलं. त्या लय, पट्टी, वाद्यं ओळखतात, तरी जोर श्रोत्यांच्या वागण्यावरच. आता एखाद्या अनोळखी गायिकेचा पहिला अल्बम घ्या, कालच निघालेला. त्याला मागचे श्रोतेच नाहीत. संगणकशास्त्रात या अडचणीला ‘कोल्ड स्टार्ट’ असं नाव आहे. चूलच पेटलेली नसेल तर आधण ठेवणार कशावर? ती पेटवतात पहिले शंभर-दोनशे श्रोते, आणि ते येतात कुणीतरी कुणाला तरी सांगितलं म्हणून. म्हणजे ज्या शिफारशीला आमचे सभासद यंत्राची हुशारी म्हणतात, ती माणसांनी आधी केलेल्या निवडींची उसनवारी आहे. देणारेच हात आखडून बसले, तर उसनं मिळायचं कुठून?

ख्यालाच्या बाबतीत तर प्रश्न याहून गंभीर आहे. स्पॉटिफायवर एखादं ध्वनिमुद्रण ‘ऐकलं गेलं’ असं धरायला ३० सेकंद पुरतात. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. म्हणजे गायक अजून पहिल्या समेवरही आलेला नाही, आणि हिशेब पुरा झाला! जो श्रोता विसाव्या सेकंदालाच पुढे गेला, त्याची नोंद ‘नको’ अशी होते. खरं तर त्याच्या कानावर तानपुरा आणि षड्जाशिवाय काही पडलेलंच नसतं. पन्नास मिनिटांचा ख्याल शेवटपर्यंत ऐकला तरी मोजणीत एक, आणि दोन मिनिटांचं गाणं ऐकलं तरी एकच. २०२४ पासून त्यात आणखी एक अट आली: मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे मोबदलाच मिळत नाही.

वर्षाला हजार म्हणजे दिवसाला सरासरी तीनदासुद्धा नाही. आमच्या मंडळाचे दोनशे सभासद आहेत. एखाद्या होतकरू गायकाचा यमन प्रत्येकाने वर्षभरात पाच वेळा ऐकला, तर हजाराचा आकडा गाठला जातो. मोठ्या फिल्मी गाण्याला आमच्या दोनशे कानांनी काही फरक पडणार नाही. या गायकाला मात्र पडेल. जो ठराव आम्ही पंधरा मिनिटांत बाजूला ठेवला, त्याची ही किंमत होती.

माझ्या वडिलांचे एक स्नेही बँकेत नोकरीला होते. खाजगी बैठकांची ध्वनिमुद्रणं ते जिवापाड जपत आणि निवडून निवडून लोकांना ऐकायला देत. कॅसेटच्या आतल्या कागदावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असे: दुसरी बाजू, चौदाव्या मिनिटापासून, निषादाकडे लक्ष दे. मी तेव्हा शाळेत होते, निषाद म्हणजे काय हेही मला धड माहीत नव्हतं. पण त्या चौदाव्या मिनिटासाठी मी आधीची तेरा मिनिटं नेटाने बसले, आणि ती तेरा मिनिटं बसल्यामुळेच पुढचं कळलं. कोणत्याही यंत्राने मला आजवर ‘थांब’ असं सांगितलेलं नाही. मी थांबत नाही असं दिसलं, की ते दुसरं काहीतरी पुढे करतं.

राहिला भिडेचा मुद्दा. यंत्राला भीड नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ‘डिस्कव्हरी मोड’ समजून घ्यावा. स्पॉटिफायने २०२० मध्ये जाहीर केलेली ही योजना आहे. कलावंताने किंवा कंपनीने कमी दराने मोबदला घ्यायला मान्यता दिली, तर ते गाणं काही आपोआप चालणाऱ्या याद्यांमध्ये श्रोत्यांपुढे येण्याची शक्यता वाढवली जाते. ही कायदेशीर योजना आहे, पण तिला निःपक्षपाती म्हणता येत नाही. गाणं पुढे आणण्यासाठी पैशाचा वापर काही आजचा नव्हे. अमेरिकेत रेडिओवर गाणी वाजवण्यासाठी निवेदकांना लाच दिली जाते, म्हणून १९५९-६० मध्ये तिथल्या संसदेत चौकशी झाली होती. ओळखीच्या माणसाची भीड मला दिसते. तो अमक्याचा शिष्य आहे हे मला ठाऊक असतं, तेवढं वजा करून मी त्याचं ऐकते. यादीत तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या गाण्यातून काय वजा करायचं, हे मला कोण सांगणार?

आपल्याकडच्या श्रोत्यांनी हे काम एकेकाळी किती हौसेने केलं! १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सायानी सांगत त्या क्रमवारीत तबकड्यांच्या विक्रीबरोबर श्रोता संघांची मतंही धरली जात. झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव देशभर माहीत झालं ते तिथल्या लोकांनी फर्माईशीची पत्रं लिहिली म्हणून. त्या पत्रांखाली नाव असे, गाव असे. मला हे गाणं आवडतं, असं चारचौघांत नावानिशी सांगणं ही साधी गोष्ट नाही. माणूस आपली पत तिथे पणाला लावतो. वाईट गाणं दोनदा सुचवलं, तर तिसऱ्यांदा त्याचं कुणी ऐकत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चाहते ‘सांगतात’ त्याच्या आडून फुकट वाटतात, आणि कलावंत उपाशी राहतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सिक्स्टो रॉड्रिग्ज या अमेरिकी गायकाचं. त्याचा ‘कोल्ड फॅक्ट’ १९७० मध्ये आणि दुसरा अल्बम १९७१ मध्ये निघाला. दोन्ही अमेरिकेत पडले, आणि तो डेट्रॉइटमध्ये अंगमेहनतीची कामं करू लागला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी एकाकडून दुसऱ्याकडे, कॅसेटवरून कॅसेटवर पसरली. वर्णद्वेषी राजवटीला विटलेल्या गोऱ्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. तो मेला अशी अफवाही तिथे होती. आपण त्या देशात एवढे गाजलो आहोत, हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, आणि पैसे तर हाती आलेच नाहीत. अखेर तिथल्या दोन चाहत्यांनी शोध घेत त्याला गाठलं, आणि १९९८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हजारो लोकांसमोर गायला. पुढे ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं.

विरोधक यातलं मधलं वाक्य उचलतात: पैसे मिळाले नाहीत. ते खरंच आहे आणि मला ते खुपतं. पण बाजाराने टाकून दिलेला अल्बम जिवंत ठेवला तो सांगणाऱ्या तोंडांनीच, आणि त्या माणसाला शोधून मंचावर आणलं तेही चाहत्यांनी. म्हणून आता कलावंताकडून थेट विकत घेण्याच्या सोयी असताना, जिवंत कलावंताच्या नव्या अल्बमच्या फायली उतरवून गटागटात वाटणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. तो अन्याय आहे. सांगणं वेगळं आणि लुटवणं वेगळं. ‘शेअर’ या एका शब्दात आपण दोन्ही कोंबले, तिथे घोटाळा झाला. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सकडे पाहा. जुन्या तबकड्या जमवणारी ही मंडळी एकत्र जमून तबकड्या ऐकवत, त्यांची माहिती खपून गोळा करत, ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात छापत आली. जवळ आहे ते ऐकवायचं आणि त्याबद्दल जबाबदारीने बोलायचं, ही रीत नव्या अल्बमलाही लागू पडते.

माझ्या पक्षाचे दोषही मोठे आहेत, आणि ते झाकून मला मंडन करायचं नाही. सकाळी सात दुवे पाठवायचे, सोबत ‘अप्रतिम’ एवढा एकच शब्द, ही शिफारस नव्हे. स्वतः पूर्ण न ऐकता पुढे ढकललेलं गाणं घेणाऱ्याचा वेळ खातं आणि त्या गायकाचं नाव स्वस्त करतं. आपल्या लाडक्या गायकाचा आकडा वाढावा म्हणून फोन बंद आवाजात रात्रभर चालू ठेवणारे चाहतेही आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण त्यात ऐकणं कुठे आहे?

समीक्षकांनी हे काम करावं, असंही कुणी म्हणेल. जरूर करावं. पण नव्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रणावर मराठी दैनिकात सविस्तर लेख तुम्ही शेवटचा कधी वाचला, ते आठवून पाहा.

गदगला लहानपणी भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली, आणि १९३३ मध्ये ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. तबकडीच्या एका बाजूवर तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. ती कुणीतरी विकत आणली होती, कुणीतरी ती दुसऱ्यांच्या कानावर पडेल अशी लावली होती. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. माझा आग्रह एवढाच आहे, की ते काम आपण सोडू नये.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मी पुन्हा मांडणार आहे. तुमच्या गावी असं मंडळ नसलं तरी अडणार नाही. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात. येत्या शुक्रवारी निघालेलं एक तरी ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐका. आवडलं तर पैसे देऊन घ्या. मग एका माणसाला फोन करा, आणि कितव्या मिनिटापर्यंत थांबायचं ते त्याला सांगा.