विश्लेषण : डेथ व्हॅलीत हेलिकॉप्टरही का उडत नाही? वाळवंटात मुक्काम करण्याचे नियम काय?

अमेरिकेतील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात ६ जुलै २०२४ रोजी सहा मोटारसायकलस्वारांपैकी एकाचा तीव्र उष्णतेने मृत्यू झाला. पारा ५३ अंश सेल्सिअसवर होता आणि उष्णतेमुळेच वैद्यकीय हेलिकॉप्टर येऊ शकले नाही. येथे मुक्काम करणाऱ्याला मदतीच्या भरवशावर का राहता येत नाही, हे या घटनेतून कळते.

इतकी उष्णता कशामुळे?

कॅलिफोर्निया आणि नेवाडात पसरलेले हे उद्यान सुमारे १३,७०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा थोडेच लहान आहे. त्यातील बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे. चहूबाजूंच्या डोंगरांमुळे गरम हवा दरीतच कोंडते. १० जुलै १९१३ रोजी येथे नोंदवलेले ५६.७ अंश तापमान हा अधिकृत जागतिक उच्चांक आहे. जुलै २०२४ मध्ये दिवसरात्रीची सरासरीच ४२.५ अंश होती.

मदत का पोहोचत नाही?

तापलेली हवा विरळ असल्याने हेलिकॉप्टरच्या पात्यांना पुरेशी उचल मिळत नाही. साधारण ४९ अंशांपुढे उड्डाण धोक्याचे ठरते. बहुतांश भागात मोबाइलला रेंज नसते. ऑगस्ट २००९ मध्ये जीपीएसवर विसंबलेल्या एका महिलेची मोटार आडवाटेला अडकली. पाच दिवसांनी वनरक्षक पोहोचला तेव्हा तिचा लहान मुलगा दगावला होता.

कोणती काळजी घ्यावी?

नोव्हेंबर ते मार्च हा मुक्कामासाठी योग्य काळ. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, शिवाय जादा साठा, कागदी नकाशा आणि सुस्थितीतील स्टेपनी हवी. परतण्याची वेळ घरी कळवून ठेवावी. गाडी बंद पडल्यास ती सोडून चालत निघू नये; शोधपथकाला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

तंबू कोरड्या ओढ्यात ठोकू नये. २० ऑगस्ट २०२३ रोजी ‘हिलरी’ वादळामुळे एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस पडला. येथे वर्षभरातही सहसा इतका होत नाही. रस्ते वाहून गेले आणि उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले.

निसर्गासाठी नियम कोणते?

अधिकृत तळांवरील ठरलेल्या चुली सोडून शेकोटीला बंदी आहे. आडवाटेला तंबू डांबरी रस्त्यापासून किमान एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर दूर हवा. काही ठिकाणी परवाना लागतो. सगळा कचरा परत न्यावा लागतो आणि रस्ता सोडून गाडी नेणे हा गुन्हा आहे. पाऊस अत्यल्प असल्याने वाळवंटातील खुणा सहज पुसल्या जात नाहीत. आपोआप सरकणाऱ्या दगडांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘रेसट्रॅक’च्या चिखलात उमटलेले टायरचे चरे वर्षानुवर्षे राहतात.

म्हणूनच डेथ व्हॅलीतील मुक्कामाची खरी तयारी घरून निघण्यापूर्वीच करावी लागते.