विश्लेषण : ‘झोम्बी’ पेशी मारून म्हातारपण लांबवता येते का?

जेफ बेझोस, पीटर थील अशा अब्जाधीशांचा पैसा लागलेल्या अमेरिकेतील ‘युनिटी बायोटेक्नॉलॉजी’ या कंपनीने २०२५ मध्ये गाशा गुंडाळला. वाढत्या वयाबरोबर येणारे आजार मुळातच रोखू, असे सांगत ती २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरली होती. गंमत अशी की, ज्या कल्पनेवर ही कंपनी उभी होती त्याच कल्पनेच्या नावाने कॅप्सूल विकणारा ऑनलाइन बाजार मात्र जोरात आहे. ‘वय उलटवा’ सांगणाऱ्या रील्समध्ये ‘सेनोलिटिक’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. त्यामागचे विज्ञान खोटे नाही, पण ते डबीवर छापण्याइतके पुढेही गेलेले नाही.

‘झोम्बी’ पेशी म्हणजे काय?

अमेरिकेतील विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की, माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. अशा थांबलेल्या पेशीला ‘सेनेसंट’ म्हणतात. डीएनएला इजा झाली तरी पेशी हीच अवस्था पत्करते, आणि ते चांगलेच असते, कारण बिघडलेली पेशी विभागत राहिली तर कर्करोगाचा धोका.

अडचण पुढे सुरू होते. ही पेशी मरत नाही. ती जागेवर बसून दाह वाढवणारी रसायने सोडत राहते आणि शेजारच्या निरोगी पेशींनाही बिघडवते. तरुण शरीरात रोगप्रतिकारक यंत्रणा अशा पेशी साफ करते. वय वाढते तशी सफाई मंदावते आणि पेशी साचत जातात.

उंदरांमध्ये काय दिसले?

मेयो क्लिनिकच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये जनुकीय बदल केलेल्या, लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांमधून या पेशी काढून टाकल्या, तेव्हा मोतीबिंदू, स्नायूंची झीज अशा गोष्टी लांबल्या. २०१५ मध्ये औषधांची पहिली जोडी समोर आली : डासाटिनिब आणि क्वेरसेटिन. डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध, तर क्वेरसेटिन कांदा, सफरचंद, चहा यांत आढळणारा घटक. सेनेसंट पेशी स्वतःला मरणापासून वाचवण्यासाठी जी यंत्रणा वापरते, ती ही जोडी बंद पाडते. २०१८ मधील प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांना ही जोडी अधूनमधून दिल्यावर त्यांचे उरलेले आयुष्य ३६ टक्क्यांनी वाढले.

हा आकडा समाजमाध्यमांवर फिरताना ‘उरलेले’ हा शब्द गळतो. वाढ एकूण आयुष्यात नव्हती. उपचार सुरू झाल्यानंतरच्या आयुष्यात होती.

मग माणसांवर काय झाले?

इथे चित्र पालटते. २०१९ मध्ये फुप्फुसे कडक होण्याचा असाध्य आजार असलेल्या १४ रुग्णांना ही जोडी तीन आठवडे, आठवड्यातून तीन दिवस देण्यात आली. त्यांचे चालणे थोडे सुधारले. मात्र तुलनेसाठी औषधाविना दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय औषधाचे की उमेदीचे, हे सांगता येत नाही.

तुलना झाली तेव्हा निकाल निराशाजनक आले. युनिटीने गुडघेदुखीच्या रुग्णांच्या सांध्यात आपले औषध टोचून पाहिले. २०२० मध्ये निकाल आला : खरे औषध आणि नुसते द्रावण यांत फरक नाही. कंपनीचा शेअर निम्म्याहून अधिक कोसळला. मग मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला येणाऱ्या सुजेवर दुसरे औषध आजमावले गेले, तेही २०२५ मध्ये ठरवलेले उद्दिष्ट गाठू शकले नाही. दरम्यान, २०२४ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या ६० महिलांवर डासाटिनिब-क्वेरसेटिनची चाचणी झाली. हाडांची झीज थांबते का, हा प्रश्न होता. २० आठवड्यांनी उत्तर आले, नाही. ज्या महिलांच्या रक्तात सेनेसंट पेशींची खूण अधिक होती त्यांच्यात काहीसा परिणाम दिसला, एवढाच धागा हाती लागला.

इतके अवघड का?

एक कारण म्हणजे, सेनेसंट पेशी ओळखण्याची एकच खात्रीची खूण अजून नाही. त्वचेतली पेशी वेगळी, यकृतातली वेगळी. कोणात किती साचल्या आहेत हेच नीट मोजता येत नसेल, तर औषध कोणाला द्यायचे आणि लागू पडले हे कशावरून ठरवायचे? दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या पेशी सगळ्याच निरुपयोगी नसतात. जखम भरून येण्यात त्यांचा हात असतो. २०२० मधील एका प्रयोगात उंदरांच्या यकृतातील अशा पेशी काढल्यावर ते सुधारण्याऐवजी कडक होऊ लागले.

बाजारातल्या कॅप्सूलचे काय?

क्वेरसेटिन आणि स्ट्रॉबेरीत आढळणारे फिसेटिन पूरक आहार म्हणून सहज मिळते. फिसेटिनची अमेरिकी सरकारी निधीवरील बहुकेंद्री उंदीर-चाचणी झाली, तिच्यात आयुष्य वाढलेले दिसले नाही. २०१९ च्या चाचणीत क्वेरसेटिन दिवसाला १,२५० मिलिग्रॅम होते; तेवढ्यासाठी कांदे किलोने खावे लागतील. शिवाय या उपचाराचे तर्कशास्त्रच ‘मारा आणि थांबा’ असे आहे. पेशी साचायला काही आठवडे लागतात, म्हणून औषध अधूनमधून द्यायचे. ‘रोज एक कॅप्सूल’ हा सल्ला त्या तर्काशीच विसंगत आहे.

डासाटिनिबची गोष्ट वेगळी. भारतात त्याची जेनेरिक आवृत्ती मिळते, पण ते कर्करोगाचे औषध आहे. रक्तपेशी कमी होणे, फुप्फुसाभोवती पाणी साचणे हे त्याचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत. ल्युकेमियाच्या रुग्णासाठी डॉक्टर तो धोका पत्करतात आणि रक्ततपासणीने लक्ष ठेवतात. धडधाकट माणसाने रील पाहून तो पत्करावा, असे या क्षेत्रातले संशोधकही सांगत नाहीत. चाचण्यांबाहेर ही औषधे घेऊ नका, असेच त्यांचे म्हणणे आहे.

संशोधन थांबलेले नाही. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातील पाच रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. डासाटिनिब चौघांच्या मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोहोचले होते. क्वेरसेटिन एकाच्याही द्रवात सापडले नाही.